वरवर पाहण्याचं शास्त्र

प्लॅटिनमचा एक अणू आणि बिस्मथचे दोन, अशा प्रमाणातून एक राखाडी, चकचकीत स्फटिक तयार होतो. तो १० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि तारा जोडून त्याचा विद्युतरोध मोजला, तर तो चारचौघांसारखा धातूच निघतो. रोध नाहीसा व्हायला १ केल्विनच्याही खाली उतरावं लागतं. त्याच स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकून पृष्ठभागातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली, की निराळंच कळतं. हे इलेक्ट्रॉन १० केल्विनच्या आसपासच अतिवाहक झालेले असतात.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या लायबनित्स संस्थेच्या संशोधकांनी ही विसंगती २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. त्यांच्या मते दोन्ही मापनं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या जागांची आहेत. तारांनी आख्ख्या स्फटिकाचा हिशेब दिला, तर प्रकाशाने फक्त वरच्या काही अणुथरांचा. अतिवाहकता त्या थरांपुरतीच आहे. आतला धातू तिच्यापासून अलिप्त राहतो.

'टोपॉलॉजिकल अतिवाहक' नावाच्या पदार्थांचा शोध गेली पंचवीसएक वर्षं चालू आहे आणि त्या वाटेवर गाजावाजा करून केलेले बरेच दावे पुढे मागे घ्यावे लागले आहेत. या शोधात आता जे उपकरण महत्त्वाचं ठरतं आहे, त्याच्यावर अनेक वर्षं एकच आक्षेप होता : ते पदार्थाच्या आत पाहत नाही, फक्त वरवर पाहतं.

प्रकाश आत, इलेक्ट्रॉन बाहेर

१८८७ मध्ये हाइनरिख हर्ट्झ रेडिओलहरींचे प्रयोग करत होता. अतिनील प्रकाश पडला की धातूच्या दोन टोकांमधली ठिणगी अधिक सहज उडते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने ते नोंदवलं आणि तो आपल्या कामाकडे वळला. बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्याचा अर्थ लावला. प्रकाश ऊर्जेच्या ठरावीक पुड्यांनी येतो, एक पुडी एका इलेक्ट्रॉनाला मिळते, धातूतून सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा त्यातून वजा होते आणि उरलेली घेऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. रॉबर्ट मिलिकनचा यावर विश्वास नव्हता. त्याने वर्षानुवर्षं खपून मापनं केली आणि १९१६ मध्ये आइन्स्टाइनचंच समीकरण बरोबर असल्याचं दाखवून दिलं. आइन्स्टाइनला १९२१ चं नोबेल मिळालं, त्यात सापेक्षतेचा नव्हे, या प्रकाशविद्युत परिणामाचा नावानिशी उल्लेख होता.

पुढची युक्ती हे समीकरण उलटं वाचण्याची. टाकलेल्या प्रकाशाची ऊर्जा आपल्याला माहीत असते आणि बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनाची मोजता येते, तेव्हा आत असताना तो कोणत्या ऊर्जेच्या पातळीवर होता हे वजाबाकीने निघतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात काई सीगबान यांनी या वजाबाकीतून एक काटेकोर तंत्र उभं केलं आणि १९८१ चं नोबेल मिळवलं. पुढे इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात बाहेर पडला हेही मोजायला सुरुवात झाली. पृष्ठभागाला समांतर असलेला संवेग बाहेर पडताना बदलत नाही. त्यामुळे कोनावरून इलेक्ट्रॉन आत कोणत्या दिशेने आणि किती संवेगाने चालला होता हे कळतं. ऊर्जा आणि संवेग दोन्ही एकदम हाती आले, की त्या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशाच मिळतो. या तंत्राला प्रयोगशाळांमध्ये सगळे आद्याक्षरांवरून 'आर्पेस' म्हणतात.

प्रयोगाची सुरुवात मात्र काहीशी आडदांड असते. काही मिलिमीटरचा स्फटिक धारकावर चिकटवतात आणि त्याच्या माथ्यावर एक छोटा खुंट डिंकासारख्या रसायनाने उभा करतात. मग सगळं निर्वात कक्षात नेऊन आतल्या आत तो खुंट ठोकून पाडतात. खुंटाबरोबर वरचा थर निघून येतो आणि कधीच हवा न लागलेला पृष्ठभाग उघडा पडतो. कक्षातला दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा लाख कोटीव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी ठेवावा लागतो. एवढं करूनही भटके रेणू येऊन बसतातच. त्यामुळे बरेचसे पृष्ठभाग काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत निकामी होतात. तेवढ्यात मोजणी उरकायची. विद्युतदाब दिलेल्या दोन अर्धगोलांच्या मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन वळत जातात, ऊर्जेनुसार वेगवेगळे होतात आणि पलीकडच्या पडद्यावर त्यांचे ठिपके उमटतात.

अतिवाहकता शोधायची तर या नकाशात एक विशिष्ट रिकामी जागा शोधावी लागते. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात. जोडी फोडायला काही किमान ऊर्जा लागते, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमध्ये एक फट पडते. संशोधक तिला 'गॅप' म्हणतात. १० केल्विनच्या आसपास अतिवाहक होणाऱ्या पदार्थात ही गॅप साधारण १ ते २ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेची धुसफूसच २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची असते आणि अंगावर पडणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा गॅपच्या हजारो पट. त्यामुळे स्फटिक कमालीचा थंड हवा आणि प्रकाशही अगदी नेमक्या एका ऊर्जेचा हवा.

इथे लेझर उपयोगी पडला. ६-७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अतिनील लेझरने सुटलेले इलेक्ट्रॉन मंद असतात आणि त्यांची मोजणी फार बारकाईने करता येते. पण मंद असल्यामुळे ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेसुद्धा वाट सोडतात, म्हणून आख्खा कक्ष विशिष्ट मिश्रधातूच्या आवरणात ठेवावा लागतो. टोकियो विद्यापीठाच्या काशिवा इथल्या प्रयोगशाळेत शिक शिन यांच्या गटाने ७० मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची सूक्ष्मता गाठली. म्हणजे १ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचेही चौदा भाग वेगळे दिसू शकतात.

पीळ

टोपॉलॉजी ही गणिताची शाखा. वस्तू न तोडता, न जोडता, नुसती दाबून-ताणून जे गुण बदलत नाहीत त्यांचा ती अभ्यास करते. कमरेचा पट्टा सरळ बांधला आणि एक अर्धा पीळ देऊन बांधला, तर दोन वेगळ्या वस्तू होतात. बक्कल न काढता दुसऱ्याचा पहिला करता येत नाही, कितीही ओढाताण केली तरी. काही पदार्थांमध्ये इलेक्ट्रॉनांच्या लहरींना असा पीळ पडलेला असतो. बाहेरच्या निर्वातात तो नसतो. मग सीमेवर, म्हणजे पृष्ठभागावर, तो सुटावा लागतो. तो सुटताना पृष्ठभागावर विशिष्ट इलेक्ट्रॉन-अवस्था तयार होणं अटळ ठरतं. थोडी अशुद्धता किंवा ओबडधोबडपणा आला म्हणून त्या नाहीशा होत नाहीत.

चार्ल्स केन आणि यूजीन मेली यांनी २००५ मध्ये हा विचार मांडला. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाने बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रस्फटिकावर आर्पेस वापरून अशा अवस्था प्रत्यक्ष पाहिल्या. पुढच्याच वर्षी बिस्मथ सेलेनाइड आणि बिस्मथ टेल्युराइड यांची भर पडली. बिस्मथ पुन्हा पुन्हा येण्यामागे दोन कारणं आहेत. हा ८३ क्रमांकाचा जड अणू. जड अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉनाचा स्पिन (त्याचा अंगभूत चुंबकीय गुण) आणि त्याची गती एकमेकांशी घट्ट बांधली जातात आणि तो पीळ बहुतेकदा यातूनच पडतो. शिवाय बिस्मथची पुष्कळ संयुगं थरांची असतात, त्यामुळे ती स्वच्छ दुभंगतात. आर्पेसवाल्यांना याहून सोयीचं काय असणार? तांब्याच्या ऑक्साइडांतल्या उच्च तापमानाच्या अतिवाहकतेवरचं आर्पेसचं गाजलेलं कामही मुख्यतः बिस्मथ असलेल्याच संयुगावर झालं. स्टॅनफर्डच्या झी-शुन शेन यांच्या गटाने १९९३ मध्ये त्यात गॅप सगळ्या दिशांना सारखी नसते हे दाखवलं होतं.

त्या काळातच आक्षेप यायचे. हे तंत्र वरच्या काही थरांतले इलेक्ट्रॉन बाहेर काढतं, मग आतल्या पदार्थाबद्दल त्यावरून बोलायचं कसं? आक्षेप रास्त होता. टोपॉलॉजिकल पदार्थ आले आणि परिस्थिती पालटली. इथे पाहायचं तेच पृष्ठभागावर होतं.

अतिवाहकालाही असा पीळ असू शकतो. तसा असेल तर त्याच्या कडेवर किंवा त्यातल्या चुंबकीय भोवऱ्यांच्या गाभ्यात शून्य ऊर्जेची एक अजब अवस्था मिळावी, असं सिद्धांत सांगतो. तिचं नातं १९३७ मधल्या एका कल्पनेशी आहे. एत्तोरे मायोराना या तरुण इटालियन शास्त्रज्ञाने स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेल्या कणाचं गणित मांडलं आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये पालेर्मोहून नेपल्सच्या बोटीत बसलेला तो माणूस पुन्हा कधी सापडला नाही. अतिवाहकातली अवस्था म्हणजे तसा मूलकण नाही. अनेक इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वर्तनातून तसं रूप तयार होतं, इतकंच. पण अशा दोन अवस्थांमध्ये विभागून ठेवलेली माहिती एका ठिकाणच्या गडबडीने पुसली जाऊ नये, असं अलेक्सेई किताएव यांनी दाखवलं. क्वांटम संगणकवाल्यांना नेमकं हेच हवं होतं, आणि विषयात पैसा आला.

मागे घेतलेले दावे

पैशाबरोबर घाईही आली. २०१७ मध्ये 'सायन्स'मधल्या एका शोधनिबंधाने मायोरानाची खूण सापडल्याचं जाहीर केलं, तो २०२२ मध्ये मागे घेतला गेला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा २०१८ चा 'नेचर'मधला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायोरानाच्या नावाची चिप जाहीर केली. सोबत 'नेचर'मध्ये निबंध होता. त्याच्या परीक्षण-कागदपत्रांत संपादकांनी लिहून ठेवलं होतं, की या निकालांवरून उपकरणात मायोराना अवस्था असल्याचा पुरावा मिळत नाही.

बदनामीपेक्षा स्ट्रॉन्शियम रुथेनेटची कथा जास्त शिकवते. योशितेरु माएनो यांच्या गटाने १९९४ मध्ये या ऑक्साइडात १ केल्विनच्या आसपास अतिवाहकता शोधली. १९९८ मधल्या चुंबकीय अनुनादाच्या मोजमापांनी तो टोपॉलॉजिकल जातीचा असण्याची आशा दाखवली. वीस वर्षं पाठ्यपुस्तकांत तोच उदाहरण म्हणून राहिला. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने तीच मोजमापं पुन्हा केली आणि मोजण्यासाठी दिलेल्या रेडिओलहरींच्या स्पंदांनी नमुनाच तापत होता, हे उघड झालं. स्पंद सौम्य केल्यावर जुना निष्कर्ष टिकला नाही. इथे लबाडी कुणाचीच नव्हती. मापनाचा नमुन्यावर होणारा परिणाम ध्यानात यायला दोन दशकं गेली.

या सगळ्या प्रकरणांत एक गोष्ट समान होती. इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या थेट पाहून हे दावे केलेले नव्हते. रोध, विद्युतप्रवाह, अनुनाद अशा एकत्रित संख्यांवरून त्यांचा अंदाज बांधलेला होता आणि तशीच संख्या इतर कारणांनीही येऊ शकते. आर्पेस ऊर्जा आणि दिशा वेगवेगळ्या दाखवतं, म्हणून अशा अंदाजांना वाव कमी राहतो.

टोकियोची फट

२०१८ मध्ये काशिवाच्या लेझरखाली लोह, टेल्युरियम आणि सेलेनियम यांचा स्फटिक आला. हा १४.५ केल्विनला अतिवाहक होतो. पंग झांग, शिक शिन, बीजिंगचे होंग डिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पृष्ठभागावर टोपॉलॉजिकल अवस्था दाखवली. तिची खूण शून्य ऊर्जेच्या अवघ्या ४.४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली होती, म्हणजे भरड मापनात शेजारच्या पट्ट्यांमध्ये मिसळून जाण्याइतकी जवळ. तापमान उतरलं तसं त्या पृष्ठभागी अवस्थेतच १.८ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप उघडली आणि ती सर्व दिशांना सारखी होती.

लियांग फू आणि चार्ल्स केन यांनी २००८ मध्ये सुचवलं होतं, की टोपॉलॉजिकल पृष्ठभागाला साध्या अतिवाहकाचा शेजार दिला तर मायोराना अवस्था मिळेल. दोन पदार्थ एकमेकांवर चढवणं किचकट. इथे एकाच स्फटिकात पृष्ठभागाला आतल्या अतिवाहकाचा शेजार आपोआप मिळालेला होता. त्याच वर्षी बीजिंगच्या गटाने स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने त्याच्या चुंबकीय भोवऱ्यांत शून्य ऊर्जेचं शिखर पाहिलं. ही दुसरी पायरी आर्पेसच्या आवाक्याबाहेरची आहे. भोवरे करायला चुंबकीय क्षेत्र लागतं आणि क्षेत्र लावलं की बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन वाकतात, त्यांच्या दिशांचा हिशेब कोलमडतो.

सहा दिशांमधला अभाव

प्लॅटिनम-बिस्मथचं प्रकरण याहून वेगळं आहे, कारण तिथे आतून शेजार देणारा कुणीच नाही. हा पदार्थ 'वाइल सेमीमेटल' जातीचा. त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांच्या नकाशात बंद वळणांऐवजी तुटक कमानी दिसतात, त्यांना फर्मी कमानी म्हणतात. अशा कमानी २०१५ मध्ये टँटॅलम आर्सेनाइडात पहिल्यांदा दिसल्या. ड्रेस्डेनच्या सेर्गेई बोरिसेंको यांच्या गटाला १.५ केल्विनच्या आसपास या कमानींवरच गॅप उघडलेली दिसली. गॅपच्या काठावर येणारी शिखरं घन पदार्थातून प्रकाशाने मिळालेल्या आजवरच्या सगळ्या शिखरांपेक्षा उंच आणि धारदार आहेत, असा त्यांचा दावा आहे.

अशी शिखरं मिळाल्यामुळेच पुढचं पाऊल टाकता आलं. २०२५ मध्ये सुस्मिता चांगदार, बोरिसेंको, येरून फान देन ब्रिंक आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक कमान बारकाईने मोजत नेली. कमानीच्या टोकांकडे गॅप आहे, मधोमध ती शून्य होते. स्फटिकाच्या सममितीनुसार अशा सहा जागा येतात.

गॅप सगळीकडे सारखी असेल तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या साध्या, नेहमीच्या धातूंतल्यासारख्या. ताम्र-ऑक्साइडांमध्ये एक फेरी मारताना जोडीच्या लहरीचं चिन्ह चार वेळा बदलतं आणि चार दिशांना गॅप नाहीशी होते. प्लॅटिनम-बिस्मथचा आकृतिबंध त्यांच्या मते 'आय-वेव्ह' जातीचा, म्हणजे फेरीत बारा वेळा चिन्ह बदलणारा (त्यातल्या सहाच जागा कमानींवर पडतात), आणि याआधी कोणत्याही अतिवाहकात असा दिसलेला नाही. सिद्धांत पुढे सांगतो, की शून्याच्या त्या सहा जागा मायोराना जातीच्या आहेत आणि स्फटिकाच्या पायऱ्यांच्या कडांवर शून्य ऊर्जेच्या अवस्था मिळायला हव्यात.

यातलं पाहिलेलं काय आणि काढलेला निष्कर्ष काय? गॅप पाहिली. ती सहा जागी मिटते हेही पाहिलं. चिन्ह बदलतं हे पाहिलेलं नाही, कारण प्रकाशाने गॅपचा आकार कळतो, चिन्ह कळत नाही. ते सममितीच्या युक्तिवादाने आलं. मायोराना त्याच्याही पलीकडचा निष्कर्ष आहे. शिवाय शून्य मोजणं हे नेहमीच उपकरणाच्या मर्यादेपर्यंतचं शून्य असतं.

एक अवघड प्रश्न उरतोच. पृष्ठभाग खरोखर १० केल्विनला अतिवाहक झाला असेल, तर वीज त्याच्यावरूनच का वाहत नाही आणि रोध तिथेच शून्य का होत नाही? टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने याच पदार्थावर घेतलेल्या मापनांत गॅप जागोजागी बदलताना दिसली, काही ठिकाणी तर २० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. पृष्ठभाग असा ठिगळाठिगळांचा असेल, तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग वाट नसणं शक्य आहे. हे उत्तर पटण्याजोगं वाटलं, तरी ते स्वतंत्रपणे सिद्ध करावं लागेल.

कुलाबा आणि इंदूर

बिस्मथच्या या कथेत मुंबईचंही एक पान आहे. शुद्ध बिस्मथ सामान्य दाबाखाली अतिवाहक होतो का, हा जुना प्रश्न कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत श्रीनिवासन रामकृष्णन यांच्या गटाने सोडवला. उत्तर होकारार्थी, पण ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली, म्हणजे एका केल्विनच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या या निकालाने नेहमीच्या सिद्धांताला पेचात टाकलं, कारण बिस्मथमध्ये फिरते इलेक्ट्रॉन फारच विरळ असतात आणि इतक्या कमी इलेक्ट्रॉनांत जोड्या जुळतात कशा हे त्या चौकटीत बसत नाही. एवढ्या थंडीत आर्पेस चालत नाही. तो शोध चुंबकीय मापनातून लागला. पण त्याच संस्थेत कालोबरण माइती यांच्या गटाची आर्पेसची प्रयोगशाळा आहे, आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस सिंक्रोट्रॉनांवर प्रकाशाने इलेक्ट्रॉन सोडवून मोजण्याच्या बीमलाइन आहेत. पदार्थ वाढवणारे हात आणि पाहणारी यंत्रं दोन्ही आपल्याकडे आहेत. १ केल्विनच्या आसपास आणि मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत काम करणारी यंत्रं मात्र जगातच मोजकी आहेत आणि या विषयात निर्णायक ठरतात ती तीच.

पुढची कसोटी

मायोराना अवस्था आहे हे मान्य करवायचं तर शेवटी अशा दोन अवस्थांची जागा एकमेकांभोवती फिरवून बदलावी लागेल आणि त्यातून माहिती बदलली हे दाखवावं लागेल. ते काम आर्पेसचं नाही. हे तंत्र भरलेल्या पातळ्याच पाहतं, ते स्फटिकावरच्या एखाद्या पायरीची कड वेगळी काढू शकत नाही, त्याला चुंबकीय क्षेत्र चालत नाही आणि चिन्हही कळत नाही. त्याचं काम आधीचं आहे : कोणत्या पदार्थावर वर्षं घालवणं योग्य आणि कोणत्यावर नाही, हे ठरवण्याचं.

प्लॅटिनम-बिस्मथसाठी पुढची कामं ठरलेली आहेत. पायऱ्यांच्या कडांवर टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने शून्य ऊर्जेच्या अवस्था शोधायच्या. स्फटिक इतका पातळ करायचा, की वरच्या आणि खालच्या अतिवाहक पृष्ठभागांमध्ये धातूची जेमतेम पट्टी उरेल आणि त्यातून दोन अतिवाहकांमधला जोड, म्हणजे जोसेफसन संधी, तयार होईल. आणि वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळ्या हातांनी वाढवलेल्या स्फटिकावर त्या सहा जागा पुन्हा मोजायच्या. यातलं शेवटचं काम सगळ्यांत कमी बातमीचं आहे, पण स्ट्रॉन्शियम रुथेनेटची वीस वर्षं आठवली तर ते आधी व्हायला हवं. तोवर मायोराना सापडल्याची पुढची बातमी येईल तेव्हा वाचकाने एवढंच विचारावं : इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या पाहिल्या, की त्यांच्याबद्दल अंदाज केला?